वाचनाची यादी मागणी वहीत लिहा

गेल्या डिसेंबरात मी डायरीच्या शेवटच्या पानावर चाळीस पुस्तकांची यादी केली होती. परवा ते पान उघडून बघितलं. अकरा नावांपुढे बरोबरची खूण, चार नावांपुढे 'अर्धं', आणि एका नावापुढे किराणा दुकानदाराचे राहिलेले ३४० रुपये. उरलेल्यातली निम्मी नावं मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिली होती, तेच आठवेना. मी बँकेत काउंटरला बसते. असा हिशोब एखाद्या खातेदारानं आणला असता तर त्याला कर्ज दिलं नसतं.

यादी फसली की आपण दोष स्वतःला देतो. वेळ नाही, मोबाइल सुटत नाही, डोळे दुखतात. मग नवीन वर्ष येतं आणि आपण नवी यादी करतो, तशीच लांब. आता तर त्यात आकड्यांचीही भर पडली आहे. वर्षात ५२ पुस्तकं, आठवड्याला एक. दिवसभर बँकेत ठेवींचं टार्गेट आणि घरी आल्यावर उशाशी पुस्तकांचं टार्गेट, हे काही मला झेपत नाही. पण माझी तक्रार आकड्यांपुरती नाही. यादी आपण चुकीच्या जागी करतो, असं माझं म्हणणं आहे. घरात, एकट्यानं, फोनवर दिसलेल्या नावांवरून केलेली यादी ही नुसती हौस असते. तीच यादी गावातल्या वाचनालयाच्या मागणी वहीत उतरली की ती मागणी होते. सोलापूरसारख्या गावात या दोन गोष्टींमध्ये फार अंतर आहे.

आधी माझा घरगुती हिशोब सांगते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. जानेवारी ते जून म्हणजे २६ आठवडे. त्यातला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा एक गेला. त्या दिवसांत पाहुणे असतात, नंदीध्वजांची मिरवणूक असते, आणि होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवल्याशिवाय सुटका नसते. मार्चअखेरचे दोन आठवडे बँकेला. मुलाच्या परीक्षेचे दोन. मे महिन्यातल्या लग्नांचे तीन. उरले १८. आठवड्याला पाच रात्री धरल्या तर ९० रात्री, आणि माझा वेग रात्री २० पानांचा. झाली १,८०० पानं. तीनशे पानांचं पुस्तक धरलं तर सहा पुस्तकं, आणि पातळ असेल तर सातवं. चाळीसच्या यादीला हा आकडा आधीच ठाऊक होता, मीच विचारला नव्हता.

सात पुस्तकंच वाचायची म्हटल्यावर माणूस निवडायला लागतो. आणि नेमानं वाचायची रीत आपल्याकडे काही नवी नाही. माझी आई मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह करायची. त्याची विभागणी मी लहानपणापासून बघत आले आहे आणि मला ती अजूनही फार हुशारीची वाटते. प्रचलित पद्धतीत पहिल्या दिवशी १ ते ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि शेवटच्या दिवशी ५३. म्हणजे दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीन. त्रेपन्नाला सातानं भागून कुणी मोकळं झालं नाही. अध्याय केवढा आहे, कथा कुठे थांबते, हे बघून थांबे ठरले. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी वाचनाचं नियोजन म्हणून हे आजच्या 'रोज पंचवीस पानं'पेक्षा सरस आहे. आणखी एक गोष्ट. हा ग्रंथ रचणारे सरस्वती गंगाधर यांची घरची भाषा कन्नड. कानडी घरातल्या माणसानं मराठीत लिहिलेला ग्रंथ गाणगापूर-अक्कलकोटच्या या पट्ट्यात घरोघर वाचला जातो, आणि आपल्या यादीत मात्र पुण्या-मुंबईच्या प्रकाशनांपलीकडचं नाव सापडत नाही. याच्याकडे मी पुन्हा येईन.

आता वाचनालयाची गोष्ट. मी ज्या वाचनालयाची सभासद आहे त्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या वाचनालयात गेला असता तरी फार वेगळं दिसलं नसतं. गेल्या महिन्यात देवघेवीच्या टेबलाशी जाऊन मी मागणी वही मागितली.

"कसली वही मॅडम?"

"पुस्तकं मागवायची असली की लिहितात ती."

ग्रंथपाल हसले. "कोण लिहुलालंय आता?" असं म्हणत उठले, कपाट उघडलं, ते बंद केलं, दुसरं उघडलं. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली ती सापडली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, कडा वाळवीनं चाखलेली. आत हातानं आखलेले रकाने: अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, सभासद क्रमांक, शेरा. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा, एकाच ठिकाणी 'उपलब्ध नाही'. नोंदी बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या. पण खालून तिसरी ओळ वेगळी होती. अक्षर सावकाश, दाबून काढलेलं, निळ्या शाईत. पुस्तकाच्या रकान्यात नावाऐवजी प्रश्न होता: 'जेकार्ड डिझाइनचं मराठीत पुस्तक आहे का'. लेखकाच्या रकान्यात रेघ.

चादरींच्या गावात एका माणसानं विचारलेला हा प्रश्न. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षं झाली. मागावरच्या ज्या जेकार्ड यंत्रावर तिची नक्षी उठते त्याची गणितं शिकणारा माणूस वाचनालयात येतो, प्रश्न लिहून जातो, आणि शेऱ्याचा रकाना कोरा राहतो. पुस्तक नसेलही. पण 'नाही' एवढं लिहायलाही कुणाला सुचलं नाही, आणि तो माणूस पुन्हा आला की नाही ते वहीत नाही.

ग्रंथपालांना मी दोष देत नाही. त्यांचा पगार ऐकला तर आपलीच मान खाली जाईल. दोष असलाच तर आम्हा सभासदांचा मोठा आहे. आम्ही नवीन आलेल्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहतो, "काही विशेष नाही" म्हणतो आणि जुनीच कादंबरी बदलून नेतो. मागत कुणी नाही. मग पुस्तकं कशी येतात? विक्रेता संच घेऊन येतो. थोरांच्या चरित्रांचा संच, व्यक्तिमत्त्व विकासाचा संच, पाककृतींचा संच. सवलत भरघोस. मार्च जवळ आलेला असतो, खर्च दाखवायचा असतो, बिल होतं, दाखल नोंदवहीत चाळीस नावं चढतात. त्यातली किती पुस्तकं कधी बाहेर गेली ते बघायचं असेल तर पाठीमागचं तारखेचं पान उघडा. शिक्का एकही नसतो.

एस. आर. रंगनाथन हे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. १२ ऑगस्टला त्यांच्या नावानं ग्रंथपाल दिन होतो, हार घातले जातात. पण वाचकाला काय हवं ते कुणी विचारलं नाही आणि वाचकानंही सांगितलं नाही, तर हे दोन नियम एकमेकांना भेटणार कुठे? भेटायची जागा म्हणजे ती लाल पुठ्ठ्याची वही.

पैशाचा मुद्दा निघणारच, म्हणून तोही घेते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. आपली बहुतेक वाचनालयं सरकारी नाहीत. लोकांनीच काढलेल्या त्या संस्था आहेत, आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार त्यांना सरकारी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली, ती बरीच वर्षं मागितल्यावर. आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा उपकर नाही. इथून शंभर किलोमीटरवर विजापूर. तिथे कर्नाटकाचा १९६५ चा कायदा लागू आहे, आणि त्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आहे. सीमेपलीकडचा माणूस घरपट्टी भरतो तेव्हा वाचनालयाचे पैसे त्यातच भरतो. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पालिका गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याला वेळेवर देत नाहीत, ही तिथली जुनी ओरड आहे. तरी मला फरक महत्त्वाचा वाटतो. तिथल्या वाचकाच्या हातात निदान पावती आहे. आपल्या हातात काय आहे? अनुदान वाढवा म्हणून संस्थाचालक मोर्चे काढतात तेव्हा वाचक त्यांच्या मागे नसतो, कारण आपण काय मागितलं होतं आणि काय मिळालं नाही, हेच त्याला ठाऊक नसतं. भरलेली मागणी वही हा पुरावा आहे. दीडशे सभासदांनी सहा महिन्यांत चारशे पुस्तकं मागितली आणि तीस मिळाली, असं कागदावर दाखवता आलं तर बोलायला तोंड आहे. 'वाचन संस्कृती लोप पावत आहे' हे वाक्य घेऊन कुठल्याही कार्यालयात जा, चहा मिळेल.

कुणी म्हणेल, फोनवर सगळं मिळतं, पुस्तक दोन दिवसांत घरपोच येतं, वाचनालयाच्या नादी कशाला लागायचं? ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावं. मीही घेते. पण तीनशे पानांची मराठी कादंबरी आता चारशेच्या घरात आहे. विडी कामगार वसाहतीतल्या बाईनं दिवसभर बसून विड्या वळायच्या आणि मजुरी एका कादंबरीत घालायची, असं तिला सांगायला कुणाची जीभ रेटेल? तिची मुलगी कॉलेजात असेल, वाचायची आवड असेल, तर तिच्यासाठी वाचनालय हाच रस्ता. मी मागितलेलं पुस्तक माझ्यानंतर तिच्या हातात जाईल, ही शक्यता घरपोच पुस्तकात नाही. ते माझ्या कपाटात जातं आणि तिथेच राहतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वाचन ही खासगी गोष्ट आहे, मी काय वाचणार हे चारचौघांच्या वहीत का लिहू? हे मला पटतं. सगळं लिहू नये. माझ्याही यादीतली दोन पुस्तकं मी वहीत लिहिणार नाही. एक जुनं आहे, दर दोन-तीन वर्षांनी मी ते पुन्हा वाचते, आणि का वाचते ते सांगणार नाही. दुसरं एक गाजलेलं आहे, ते मी वीस वर्षं टाळते आहे. माझं म्हणणं उरलेल्यांबद्दल आहे.

आणि अभ्यासिका. संध्याकाळी वाचनालयात जा, टेबलं भरलेली दिसतात, पण वाचनालयाचं पुस्तक एकाच्याही पुढे नसतं. स्पर्धा परीक्षा देणारी ही मुलं स्वतःची पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइलचे चार्जर घेऊन येतात. जुने सभासद नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. अख्ख्या गावात नेमकी, लेखी, तारखा घातलेली वाचनाची यादी फक्त याच मुलांकडे आहे: राज्यघटना अमुक दिवसांत, इतिहास तमुक दिवसांत. त्यांच्या वर्गणीवर काही संस्थांचं वीजबिल भागतं. वाईट एवढंच, की ती यादी दुसऱ्यानं ठरवलेली असते, आणि परीक्षा सुटली की ती संपते आणि मुलगाही वाचनालयातून संपतो. निकाल लागल्यानंतर त्याला 'आता तुझ्या मनानं एक पुस्तक सांग, आम्ही मागवतो' असं कुणी म्हणत नाही. म्हणून बघायला हवं. दहातल्या एकानं सांगितलं तरी चालेल.

मघाशी भाषेचं अर्धवट सोडलं होतं. माझ्या शेजारच्या तेलुगू कुटुंबातल्या आज्जी उत्तम गोष्टी सांगतात, पण त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. शाळा मराठी, बोलणं तेलुगू, बाजार दोन्हीत. पूर्व भागात अशी हजारो घरं आहेत. अलीकडे कन्नड, पलीकडे उर्दू. आमच्या गावात एका रिक्षात तीन भाषांत भांडण होऊ शकतं. कन्नडच्या बाबतीत मराठी वाचक नशीबवान. भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णींनी मराठीत आणल्या आणि त्या आमच्या घरच्या झाल्या. तेलुगूचं काय? माझ्या वाचनालयात मी शोधलं तेव्हा तेलुगूतून मराठीत आलेली पुस्तकं एका हातात मावली. साहित्य अकादमी अशी भाषांतरं करते, नॅशनल बुक ट्रस्ट करते, पण मागितल्याशिवाय ती आमच्या कपाटापर्यंत कशाला येतील? संचवाल्या विक्रेत्याच्या पिशवीत ती नसतात.

याच गावात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींची मातृभाषा तेलुगू. वनखात्यात उभी हयात घालवून त्यांनी मराठीला जंगल दिलं, आणि २००६ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच ते गेले. त्या आठवड्यात शोकसभा झाल्या, फोनवर फोटो फिरले. मी वाचनालयात गेले तर त्यांच्या पुस्तकांपैकी एकच कपाटात होतं आणि तेही शिवण सुटलेलं. माणूस गेल्यावर पुस्तक शोधायचं आणि ते सापडायचं नाही, हा अनुभव मला फार लाजिरवाणा वाटला. तेव्हा मनात आलं, त्यांची पुस्तकं मी दोन वर्षांपूर्वी वहीत लिहिली असती तर?

तर यंदाची माझी यादी सात पुस्तकांची आहे. गावापासून सुरू होते, कारण मुहूर्तच तसा आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज रिक्षानं जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला १९३० साली इंग्रजांनी गावात लावलेल्या मार्शल लॉची गोष्ट शाळेच्या धड्याएवढीच येते. म्हणून जानेवारीत तेच, आणि रात्री वीस पानं नाही जमली तर दहा. दुसरं चितमपल्लींचं. तिसरं तेलुगूतून आलेल्या कथांचं, कुठलंही, फक्त भाषांतर थेट तेलुगूतून झालेलं हवं. इंग्रजीच्या आडून आलेलं नको. चौथं मिलवर. वडिलांचा डबा मिलच्या भोंग्यावर भरला जायचा, तो भोंगा का थांबला ते मला मोर्च्यांच्या घोषणांपलीकडे माहीत नाही. पाचवं आणि सहावं ती न सांगायची दोन. उन्हाळ्यासाठी ठेवली आहेत. पारा ४४ वर गेला की नवीन माणसांची ओळख करून घ्यायला डोकं चालत नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. वही यावेळी टेबलावरच होती, वर पेपरवेट. एवढीच प्रगती. चार ओळी लिहिल्या, सभासद क्रमांक घातला. शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःच पेन्सिलनं लिहून ठेवलं: '१५ फेब्रुवारीपर्यंत कळवावे'. मार्चची खरेदी व्हायच्या आत उत्तर हवं, नंतर काही उपयोग नाही. मग सातवं जे रिकामं ठेवलं होतं, त्याच्या जागी पाचवी ओळ लिहिली: जेकार्ड डिझाइनचं मराठी पुस्तक. वरच्या निळ्या ओळीचा अनुक्रमांक कंसात घातला, म्हणजे ही मागणी दुसऱ्यांदा आली आहे हे दिसावं.

ग्रंथपालांनी वही फिरवून घेतली आणि बोट ठेवत वाचली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे कशाला मॅडम? तुम्ही बँकेत ना?"

"हो. तुम्हाला तो माणूस आठवतो का?"

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि सभासदांचं रजिस्टर पुढं ओढलं.